आधी बेल, मग थाप

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. बसा, बसा. माझ्यासाठी उभं राहू नका, मी काही कौन्सिलर नाही.

रिया, माईक जरा खाली कर गं. अजून. हां, पुरे.

मला बोलायला जमेल की नाही, माहीत नाही. तोंड बंद ठेवायची सवय मला नाही, हे लंडनच्या ह्या हॅरोतल्या सगळ्या मराठी माणसांना ठाऊक आहे. पण जावयाच्या शोकसभेत सासूनं बोलायचं, हे उलटं झालं. क्रम चुकला. माझ्या सभेत अविनाशरावांनी इथं उभं राहायचं होतं. त्यांनी तयारीही केली असणार. माझ्यावरचे टोमणे काढून, घासूनपुसून ठेवले असणार. ते टोमणे आता त्यांच्याबरोबर गेले. मला उलट उत्तर द्यायची संधीसुद्धा मिळाली नाही.

तर मी कमल. शाळा चौथीपर्यंत. मीनाची आई, रियाची आज्जी आणि गेलेल्या माणसाची सासू. माझ्याआधी तुम्ही चार-पाच जण बोललात. छान बोललात. कुणी म्हणालं, अविनाश म्हणजे अजातशत्रू. अहो, कसला अजातशत्रू? घरात मी होते ना.

हसा. हसलात तर चालेल. त्यांना रडकी सभा आवडली नसती.

मी इथं का उभी राहिले, ते आधी सांगते, म्हणजे तुमचा घोळ नको. पहिल्या रांगेत माझी मुलगी बसली आहे, मीना. ती आज येणार नव्हती. घरच्या दाराच्या बेलची बॅटरी तिनं काढून ड्रॉवरमध्ये टाकली आहे. स्वतःचा फोन बंद करून त्याच ड्रॉवरमध्ये. तुम्ही डबे घेऊन आलात, दारातून परत गेलात. फुलं पायरीवर सुकली. आज सकाळी ती मला म्हणाली, "आई, आजचं एकदा होऊन जाऊ दे. यानंतर मला कुणी नको. कुणी यायचं नाही, कुणी फोन करायचा नाही. कायमचं."

मी म्हटलं, "बरं. मग मला सभेत बोलू दे."

तेव्हा, मंडळी, मी अविनाशरावांबद्दल बोलणार आहे. पण तिच्याशी बोलणार आहे. मीना, मान वर कर. तुझ्या नवऱ्याबद्दल सांगते आहे, माझ्याबद्दल नाही.

रिया जन्मली तेव्हा मी इथं आले. बाळंतपण उरकून परत जायचं होतं. साताऱ्याला माझ्या जावांनी बजावून पाठवलं होतं, लेकीच्या घरचं पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं. मी तसंच करत होते. बोलायचं कमी, बसायचं कडेला, जावयासमोर पदर नीट. मग एके दिवशी अविनाशरावांनी चहा केला. तुमच्यापैकी ज्यांनी त्यांचा चहा प्यायला आहे त्यांना कळेल. केटलचं पाणी, त्यात पिशवी, वरून थंड दूध. मी एक घोट घेतला आणि माझ्या तोंडून गेलं, "अहो अविनाशराव, हे काय आहे? भांडी विसळलेलं पाणी?"

मीना गार पडली. मला वाटलं, झालं, आता विमानाचं तिकीट. ते कप खाली ठेवून म्हणाले, "आई, बरं झालं बोललात. मला वाटलं होतं तुम्हाला बोलता येत नाही."

त्या दिवसापासून आमचं भांडण सुरू झालं, ते त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत चाललं. अहो-जाहो करत भांडायचो. एकानं वरच्या पट्टीत 'आई' म्हणायचं, दुसरीनं 'अविनाशराव' म्हणायचं, आणि मग सुरू. असं भांडण तुम्हाला नाटकातसुद्धा मिळणार नाही.

आता त्यांचं काम. तुम्ही म्हणालात, कम्प्यूटरमध्ये होते. इथं अर्धा हॉल कम्प्यूटरमध्ये आहे, त्यात काय? ते काय करायचे, ते मला त्यांनी जेवणाच्या टेबलावर सांगितलं आहे, मी मेथी निवडताना. मला त्यातलं निम्मं कळलं. जे कळलं ते सांगते. चुकलं तर तो मागे बसलेला ग्रॅहम आहे, त्यांच्या ऑफिसातला साहेब, तो दुरुस्त करेल. रिया त्याच्या कानात इंग्लिश करून सांगते आहे. ग्रॅहम, तुझं नाव आलं की मान हलव, तेवढं पुरे.

अविनाशरावांची कंपनी डबे बनवते. जेवणाचे नव्हेत. नॉटिंगहॅमकडं नदीकाठी पाणी उपसायचे पंप आहेत. तिथल्या खोल्यांत भिंतीवर हे डबे लावलेले असतात. पाणी चढलं की डबा पंप सुरू करतो, उतरलं की बंद करतो. डब्याच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो, त्याला कर्नल म्हणतात, लष्करातला नव्हे, प्रोग्रॅमचा गाभा. बाकीची सगळी कामं करणारे त्याच्या हुकमात. अविनाशराव त्या कारभाऱ्याचं काम बघायचे. तो नीट वागतो की नाही, कुणाचं ऐकतो, कुणाचं ऐकत नाही.

आणि तो भलत्याचं ऐकायला लागला होता.

झालं असं, की ओल आली, पाऊस आला, की डबे मधूनच आपोआप बंद पडून परत सुरू व्हायचे. डबा परत सुरू होईपर्यंत पंप थांबलेला. पाऊस मात्र थांबत नाही. खालच्या अंगाला घरं आहेत, माणसं राहतात. ऑफिसात सगळे एकमेकांकडं बोट दाखवत होते. कुणी म्हणे वीज खराब, कुणी म्हणे ह्याचा कोड खराब, कुणी म्हणे त्याचा. शेवटी अविनाशराव एक डबा उचलून घरी घेऊन आले आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडला. माझ्या म्हणजे, मीनाच्या. मागून एक वायर शेपटीसारखी लोंबत होती, कशालाच न जोडलेली. पंपाच्या खोल्यांत तशीच लोंबते म्हणाले, म्हणून तशीच ठेवायची. दुसऱ्या वायरनं लॅपटॉप जोडला आणि बसले बघत. डबा काही करेना. शनिवार गेला. डबा आपला शहाण्यासारखा चालू.

रविवारी मला दाण्याचं कूट करायचं होतं. मी म्हटलं, "सरका जरा, मला मिक्सर लावायचाय." ते म्हणाले, "लावा." मी लावला. घर्रर्र. आणि अविनाशराव ओरडले, "आई! थांबा!"

मला वाटलं बोट कापलं कुणाचं.

"परत लावा," म्हणाले.

मी परत लावला. ते लॅपटॉपला नाक लावून बसले. "बंद करा. लावा. बंद करा. लावा." मी म्हटलं, "अविनाशराव, हे कूट आहे, पीठ व्हायला लागलंय." ते म्हणाले, "अजून दाणे आहेत का?" घरात होते नव्हते तेवढे दाणे त्या दुपारी दळले मी. आणि दाणे संपत आले तेव्हा मिक्सर घर्रर्र झाला आणि डबा पटकन मेला आणि परत जन्मला. त्यावर हा माणूस नाचला. मीना, आठवतं का? तू वरून खाली आलीस आणि म्हणालीस, "काय झालं, लॉटरी लागली का?" त्यानंतर आठवडाभर आम्ही साबुदाण्याची खिचडी खाल्ली. त्या कुटाचं दुसरं काय करणार?

आता ते काय होतं, ते ऐका. हे महत्त्वाचं आहे.

डब्याच्या मागं एक जुन्या पद्धतीचं तोंड असतं, सिरियल पोर्ट म्हणतात. बाकी सगळं ठप्प झालं, पासवर्ड घेईना, कुणाला ओळखेना, तरी त्या तोंडातून कारभाऱ्याशी थेट बोलता येतं. आधी एक इशारा द्यायचा, त्याला ब्रेक म्हणतात. ती बेल समजा. आणि लगेच एक अक्षर दाबायचं. एका अक्षरानं तो हातातलं सगळं नीट जागेवर ठेवतो. एका अक्षरानं कोण काय करत बसलंय ते सांगतो. 'बी' दाबलं की जागच्या जागी मरतो आणि परत जन्म घेतो, काही विचारत नाही. आणि अर्थ नसलेलं अक्षर दाबलं, तर आपल्याला काय काय येतं त्याचा पाढा म्हणून दाखवतो. इंग्लिशमध्ये त्याला मॅजिक की म्हणतात. अविनाशराव मला मराठीत जादूची कळ म्हणायचे.

आणि ती वायर लोंबत होती. तिला आजूबाजूची खरखर लागायची. ओलीची, पंपाच्या मोटरची, माझ्या मिक्सरची. कारभाऱ्याला वाटायचं बेल वाजली. मग पुढची खरखर यायची, तिला तो अक्षर समजायचा. लॅपटॉपवर दिसत होतं, डबा पुन्हा पुन्हा आपला पाढा म्हणत होता. कुणी विचारलं नव्हतं. समोर कुणी नव्हतं. आणि कधीतरी त्या खरखरीतून नेमकं 'बी' निघायचं, आणि हा मरायचा. आज्ञाधारक मुलगा! वाऱ्यानं दार हललं तरी, "आलो, आलो," म्हणून पळणारा.

अविनाशरावांनी ऑफिसात सांगितलं. ग्रॅहमनं ऐकलं आणि म्हणाला, सोपं आहे. ती कळच काढून टाका. बेलच नको. कायमची.

हो की नाही, ग्रॅहम? बघा, मान हलवतोय. प्रामाणिक आहे.

आणि अविनाशराव म्हणाले, नाही.

पुष्कळ दिवस ते भांडण चाललं. रोज जेवताना ऐकायची मी. ते म्हणायचे, "आई, खोटी बेल वाजते हे खरं. पण ज्या दिवशी डबा खरंच अडकेल, बाहेरून काहीच ऐकणार नाही, त्या दिवशी तेवढी एकच वाट असते आत जायची. ती भिंत घालून बुजवायची? मग कुणीतरी जाऊन वायर उपटायची, आणि त्याच्या हातातलं सगळं सांडायचं."

मी म्हटलं, "मग करणार काय?"

म्हणाले, "कळ ठेवायची. पण बंद करून ठेवायची. नुसत्या बेलला उघडायचं नाही. बेल वाजली, की लगेच ठरलेली अक्षरं ठरलेल्या क्रमानं यायला पाहिजेत. आली, तर उघडायचं आणि पुढचा हुकूम ऐकायचा. एक जरी चुकलं तरी गप्प बसायचं. परत बेलपासून सुरुवात. खरखरीला बेल वाजवता येते, आई, पण तिला ठरलेलं काही माहीत नसतं."

मी म्हटलं, "हे तुम्ही शोधलंत?" तर म्हणाले, "छे. जगात कुणीतरी आधीच करून ठेवलंय. आमच्या जुन्या डब्यांत नव्हतं, ते मी आणून बसवतोय, एवढंच." हा माणूस असा. माझ्या हातच्या पिठल्याची रेसिपी ऑफिसात स्वतःच्या नावावर खपवायचा, पण ह्या कामात दुसऱ्याचं श्रेय घेतलं नाही.

आता आमच्या घरची बेल. तुम्ही म्हणाल आजी भरकटली. नाही भरकटले.

आमच्या दाराची बेल बिनवायरची. शेजाऱ्यांचीही तसलीच. त्यांच्याकडं कुणी आलं की आमच्याकडं वाजायची. मी गुडघे धरत उठायची, दार उघडायची, बाहेर कुणी नाही. दिवसभर. मी कुरकुर केली, तर आमच्या जावयांनी काय केलं? बॅटरी काढून टाकली. स्वतः! ऑफिसात ग्रॅहमशी भांडणारा माणूस! आणि त्याच आठवड्यात माझ्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला नर्स आली, बेल दाबदाबून दमली, आणि लेटरबॉक्समधून चिठ्ठी टाकून गेली, की तुम्ही घरी नव्हता. मी घरी नव्हते! मी दाराकडं पाठ करून खुर्चीत बसले होते!

संध्याकाळी मी ती चिठ्ठी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. म्हटलं, "अविनाशराव, ऑफिसात एक आणि घरात एक, हे कुठलं शास्त्र?"

त्यांनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडं बघितलं. उठून बॅटरी घातली. म्हणाले, "ठीक आहे. आपल्या माणसांनी आधी बेल दाबायची, मग लगेच दारावर थाप मारायची. कुठली थाप तुमच्या लक्षात राहील?" मी म्हटलं, "मला एकच थाप येते. भाकरीची." आणि टेबलावर मारून दाखवली. एक. मग जोडून दोन. मग एक. अशी. ऐकू येते का मागं? एक. दोन जोडून. आणि एक.

ती ठरली. नर्सला सांगितली, ती बिचारी रोज हसत हसत वाजवायची. आणि आतून मी काठी तशीच जमिनीवर आपटायची, म्हणजे बाहेरच्याला कळावं, की म्हातारी उठली आहे, पोचायला वेळ लागेल, जाऊ नका.

आणि पहिला कोण अडकला असेल? ज्यानं ठरवली तो. नॉटिंगहॅमहून आले एकदा, दोन्ही हातांत सामान, बाहेर पाऊस. किल्ली घरी विसरलेली. बेल वाजली. मी गप्प. मग दार धडधड वाजलं. मी गप्प. मग लेटरबॉक्सच्या फटीतून आवाज, "आई, मी आहे! अविनाश!"

मी म्हटलं, "असाल. ठरलेलं वाजवा."

"अहो आई, आवाज ओळखू येत नाही का?"

"येतो. ठरलेलं वाजवा."

त्यांनी वाजवलं. दोन आणि एक आणि एक. मी म्हटलं, "चुकलं. परत बेलपासून." ह्या माणसानं आयुष्यात भाकरी थापली असेल तर ना! तिसऱ्या खेपेला जमलं. आत आले ते निथळत, आणि इतके हसत होते की पिशवीतली अंडी फुटली. म्हणाले, "आई, माझ्या डब्यांपेक्षा तुम्ही पक्क्या आहात." मी म्हटलं, "पुसून घ्या. आणि ऑम्लेट तुम्हीच करा."

पुढं एका रविवारी दुपारी ग्रॅहमचा फोन आला. तो स्वतः पंपाच्या खोलीत उभा होता. पाणी चढत होतं आणि डबा थिजला होता. खोटं मरणं नव्हे, खरंच अडकला होता. कुणाचंच ऐकत नव्हता. तोपर्यंत अविनाशरावांनी त्या डब्यांत आपलं ते ठरलेलं बसवलं होतं, ग्रॅहमनं तोंड वाकडं करून का होईना, हो म्हटलं होतं. फोन टेबलावर, स्पीकरवर. अविनाशराव शांतपणे सांगत होते. लॅपटॉप जोड. ब्रेक दे. आता ती अक्षरं. सावकाश. एक अक्षर चुकलं. ग्रॅहम म्हणाला, काहीच होत नाही.

आणि मला राहवलं नाही. मी ओरडले, "बेल अगेन!"

अविनाशराव म्हणाले, "ग्रॅहम, माझी सासू बरोबर सांगते आहे. ब्रेकपासून परत."

दुसऱ्या वेळी दार उघडलं. मग त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. आधी, हातातलं जागेवर ठेव. मग, माहितीची कपाटं बंद कर. मग 'बी'. नुसतं मरायचं नाही, आवरून सावरून मरायचं आणि परत उठायचं. आणि फोनमधून पंपाचा आवाज आला. ग्रॅहमनं फोन पंपाजवळ धरला. नुसता पंप ऐकवत राहिला आम्हाला. मीना, तू जिन्यात उभी होतीस. तुझ्या हातात इस्त्रीचे कपडे होते.

त्यानंतर कळ काढून टाका असं ऑफिसात कुणी म्हणालं नाही. ग्रॅहमनं मला बिस्किटांचा डबा पाठवला. आता जो जो डबा त्यांच्याकडून बाहेर पडतो, त्याच्यात ती ठरलेली थाप असते. परवा त्यानंच रियाला सांगितलं. ती अक्षरं कुठली, ते मला माहीत आहे. विचारू नका, सांगणार नाही.

हं. पाणी द्या गं कुणीतरी.

आता त्या दिवसाचं. लांबवत नाही.

अविनाशराव स्टेशनच्या जिन्यावर गेले. छातीत कळ आली आणि बसले, ते उठलेच नाहीत. हॉस्पिटलमधून मीनाला फोन आला. हॉस्पिटलच्या फोनचा नंबर दिसत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि त्याच सकाळी तिला फसवणुकीचे फोन येत होते, तुमचा अपघात झालाय का, तुमच्या खात्यात असं झालंय का. तिनं कट केला. परत आला, परत कट केला. मीना स्वतः हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. म्हणते, "मला कळायला हवं होतं."

त्यानंतर ही प्रत्येक आवाजाला उडायला लागली. पार्सलवाला आला, पळत दाराशी. शेजारची बेल, पळत दाराशी. कॉल सेंटरवाला, "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" त्या डब्यासारखी. समोर कुणी नाही आणि ही आपली जीव मुठीत धरून उत्तर देते आहे. आणि मग एके दिवशी दमली. बॅटरी काढली, फोन बंद केला, ड्रॉवर लोटला. कळच नको. भिंत.

मीना, आता तुझ्याशी. लोक ऐकताहेत, ऐकू देत.

तू फोन उचलला असतास, तर बातमी थोडी आधी कळली असती. माणूस वाचला नसता. डॉक्टर म्हणाले, जिन्यावरच गेले होते. बातमी आधी कळण्याला कोण बक्षीस देतं? ती खरखर होती आणि तिच्यात एक खरी बेल होती. कुणाला ओळखू आली असती? मला तर आली नसती. तुझ्या नवऱ्याला आली नसती. त्यालाही आधी मिक्सर लावून बघावा लागला होता.

दमलीस, ते बरोबर आहे. प्रत्येक आवाजाला उठू नकोस. कोण म्हणतं ऊठ? पण कळ काढून टाकायची नाही. ती तुझ्या घरातली रीत नाही. ज्या माणसानं पुष्कळ दिवस साहेबाशी भांडून ती वाट शिल्लक ठेवली, त्याच्याच घराला तू भिंत घालणार? तूही कधीतरी अडकशील. मी काही कायमची नाही. गुडघे माझे गेलेत, बाकीचंही जाईल. त्या दिवशी कुणी आत यायचं कसं?

परवा रिया म्हणाली, "आज्जी, बाबाची थाप मला येते." इथंच जन्मलेली पोर, भाकरी तिला थापता येत नाही, पण थाप येते. म्हणजे आहे अजून.

आणि आता तुम्ही सगळे. तुम्ही चांगली माणसं आहात, पण खरखर फार करता. दिवसातून दहा वेळा "कशी आहेस, कशी आहेस" असे मेसेज. फोनवर हात जोडलेली चित्रं. ती कशी आहे ते दिसतंय की! ते नको. येणार असाल तर नीट या. आधी बेल दाबा. मग थाप मारा. एक, जोडून दोन, एक. आतून काठी वाजली तर थांबा. नाही वाजली तर डबा पायरीवर ठेवा आणि निमूट घरी जा, रुसू नका. दुसऱ्या दिवशी परत या. परत बेलपासून. आणि ग्रॅहम, तुलाही हे लागू आहे. तुला तर सवय आहे.

माझं संपलं. आता एक मिनिट सगळे उभे राहा, अविनाशरावांसाठी. फोन बंद करू नका. कुणाचा वाजला तर वाजू दे. त्याला धावायचं नाही. शांत उभं राहायचं, एवढंच.

.....

बसा.

अविनाशराव, तुम्ही गेलात, पण भांडण माझ्याकडं राहिलं आहे. ते मी चालू ठेवीन. तुमच्या वाट्याचं कोण बोलणार, तेवढं बघायचं आहे.

मीना. इकडं बघ. ही बेल समज. टिंग.

आणि ही थाप. एक. दोन जोडून. एक.

वाट बघते मी. माझ्याकडं वेळ आहे.

.....

हं. ऐकलं. खुर्चीवर वाजवलंस ना? पण चुकलीस. मधल्या दोन सुट्या मारल्यास. आईसारखी नाही, नवऱ्यासारखी वाजवलीस.

हरकत नाही. रड, मग वाजव. परत बेलपासून. टिंग.

.....

आता बरोबर.

नमस्कार, अविनाशराव. उघडलं.